कार्ड नव्हे, जोडलेल्या नोंदी: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपण सविस्तर लिहून मतभेद मांडलात, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे असे की, राष्ट्रीय ओळखपत्राला विरोध करताना मी कागदपत्रांअभावी हक्काला मुकणाऱ्या माणसाचा विचार केला नाही, एकच क्रमांक सगळीकडे चालण्यात गैर काही नाही आणि ज्याने गुन्हा केलेला नाही त्याला लपवण्याचे कारण नाही.

पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो लेखात यायलाच हवा होता. ओळख पटवता येत नाही म्हणून उपचार किंवा निवृत्तिवेतन नाकारले जाणे हा अन्यायच आहे. परंतु खिशातले कार्ड आणि त्यामागे एका क्रमांकाने जोडल्या जाणाऱ्या नोंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा आक्षेप दुसरीला आहे.

‘लपवण्याचे कारण नाही’ या मुद्द्यावर मात्र मला थांबावेसे वाटते. नेदरलँड्समधील नागरिकांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी लोकसंख्या नोंदवहीत आपला धर्म नोंदवला, तेव्हा त्यांच्याजवळ लपवण्यासारखे खरोखरच काही नव्हते. 1940 मध्ये जर्मनीने देश व्यापला आणि तीच काटेकोर नोंदवही ज्यू नागरिकांना शोधून काढण्याचे साधन झाली. मार्च 1943 मध्ये ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावणाऱ्यांनी त्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. माहिती देताना समोर कोणते सरकार आहे हे आपल्याला दिसते, पण ती माहिती पुढे कोणाच्या हाती जाईल हे दिसत नाही.

लोकशाहीतही हेतू पसरत जातो. ब्रिटनने 1939 मध्ये युद्धकाळाची गरज म्हणून ओळखपत्र आणले, आणि युद्ध संपून पाच वर्षे झाल्यावरही, डिसेंबर 1950 मध्ये, क्लेरेन्स विलकॉक या मोटारचालकाला पोलिसांनी ते दाखवण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले खरे, परंतु एका हेतूसाठी केलेला कायदा दुसऱ्याच कामासाठी वापरल्याबद्दल सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी कठोर टीका केली आणि 1952 मध्ये ही पद्धत बंद झाली.

म्हणून कार्डच नको, असे मी म्हणत नाही. जर्मनीत सोळा वर्षांवरील नागरिकाकडे ओळखपत्र किंवा पारपत्र असणे सक्तीचे आहे. तरीही, काही अपवाद वगळता, त्या कार्डाचा अनुक्रमांक वापरून निरनिराळ्या नोंदी जोडण्यास कायद्याने मनाई आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 1983 च्या जनगणना निकालात सांगितले होते की, संगणकाच्या युगात ‘बिनमहत्त्वाची’ अशी कोणतीही माहिती उरलेली नाही, कारण तिचे महत्त्व ती कशाशी जोडली जाते यावर ठरते. एस्टोनियात आपली नोंद कोणत्या कार्यालयाने केव्हा उघडली, हे नागरिकाला बऱ्याच अंशी स्वतः तपासता येते.

जोडणीला अशी मनाई आणि तपासणीचा असा हक्क ज्या कायद्यात असेल, त्या ओळखपत्राला माझा विरोध राहणार नाही. एकच क्रमांक सगळीकडे चालावा, या आपल्या सूचनेत मात्र या दोहोंपैकी एकही अट नाही.