ही जागा विकणे नाही

बँकेचा मेसेज आला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो आणि फोन ओट्यावर होता. बाहेर येतो तो बायको हातात झाऱ्या घेऊन उभी.

“चौदाशे एकोणीस रुपये कशाचे गेले?”

“डोमेन रिन्यू झालं असेल. आपोआप होतं ते.”

“कुठलं?”

“द्राक्षांचं.”

“आपला आणि द्राक्षांचा काय संबंध?”

संबंध असा की, २०१६ साली पिंपळगावच्या एका बागाईतदार मित्राबरोबर गंगापूर रोडला मिसळ खाता खाता आम्ही ठरवलं, मधला व्यापारी काढून टाकायचा आणि द्राक्षं थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायची. हा धंदा पावाच्या दुसऱ्या जोडीपुढे सरकला नाही. पण घरी येईपर्यंत मी इंटरनेटवर वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, म्हणजे डोमेन, घेऊन टाकलं होतं. पहिल्या वर्षाला १४९ रुपये! दुसऱ्या वर्षापासून खरा दर लागतो, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि माझा चष्मा गाडीत होता.

बरं, एका नावात भागत नाही. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचा म्हणजे घरटी वेगळं स्पेलिंग. ‘द्राक्ष’च्या शेवटी ए लावायचा की नाही? ‘क्ष’ला एक्स चालतो का? त्यात पुढे नाशिक. आपण एच घालतो, जुन्या लेटरहेडांवर एच नसतो. गिऱ्हाईक चुकून भलतीकडे जायला नको म्हणून मी चार स्पेलिंगं घेतली. गिऱ्हाईक आलंच नाही, त्यामुळे चुकलंही नाही.

या कटकटीवर उतारा म्हणून देवनागरीतलं ‘डॉट भारत’ घेतलं. २०१४ पासून ते मिळतं. एच नाही, ए नाही, शुद्ध मराठी पत्ता. फक्त यंत्राच्या पोटात त्याचं ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन कडबोळं होतं. मित्राला लिंक पाठवली, तर त्याचा उलटा फोन: “तुझं अकाउंट हॅक झालंय का रे?”

‘डॉट इन’ घेतलं तेव्हा वेगळीच मजा. घरात कोणाला सांगायच्या आत दिल्लीकडच्या कोणा मुलीचा फोन आला, “सर, वेबसाइट बनवानी है?” दिवसभरात असे नऊ. मुलगा झाला तेव्हासुद्धा माझी इतक्या जणांनी चौकशी केली नव्हती.

असं करत करत अकरा डोमेनं झाली. नाशकात गोदेचा पूर ज्याच्या अंगावरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हणायचं. बायकोने गाऱ्हाणं थेट माहेरी नेलं.

माझे सासरे, अण्णा, एसटीतून रिटायर झालेले. आडगाव शिवारात त्यांचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे, १९९४ साली घेतलेला. त्यावर आजवर एक वीट ठेवलेली नाही. पण दर रविवारी ॲक्टिव्हावरून जातात, चारही कोपऱ्यांतले हद्दीचे दगड पायाने हलवून बघतात, तारेत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढतात, बाटलीतलं पाणी तिथल्या एकुलत्या एक कडुनिंबाला घालतात आणि परत येतात. जगात मला समजून घेईल तर हाच माणूस, अशी माझी खात्री होती.

“सातबारा दाखवा, जावईबापू.”

मी लॅपटॉपवर डोमेनची सरकारी नसलेली पण सातबाऱ्यासारखीच दिसणारी नोंद काढून दाखवली. नाव कधी नोंदवलं, कोणत्या कंपनीमार्फत, मुदत कधी संपते, सगळं असतं त्यात. अण्णांनी चष्मा पुसला.

“ही मुदत कसली?”

“दरवर्षी पैसे भरायचे असतात.”

“नाही भरले तर?”

“नाव जातं.”

“म्हणजे तुम्ही मालक नाहीच. कूळ आहात. आणि कुळाला निदान कूळकायदा असतो.”

विषय बदलावा म्हणून मी इतिहासात शिरलो. पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं आणि पुढे १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत ही नावं चक्क फुकट मिळत होती. मग दोन वर्षांचे शंभर डॉलर घ्यायला लागले. अण्णा मनापासून हळहळले. “आडगावलाही तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं.”

विकून टाका, म्हणाले. मी विक्रीला ठेवली. तिसऱ्या दिवशी मेल! एका साहेबाला द्राक्षांचं एक नाव तीन हजार डॉलरला हवं होतं. फक्त आधी अमुक एका साइटवरून व्हॅल्युएशनचं सर्टिफिकेट आणा, त्याचे ऐंशी डॉलर तुम्ही भरा. मी कार्ड काढलंही होतं. बायको म्हणाली, “गिऱ्हाईकच सांगतंय व्हॅल्युअर कुठला ते?” सर्टिफिकेट विकणारा आणि गिऱ्हाईक एकच असतो, हा या धंद्यातला जुना डाव आहे म्हणे. मला तो झाऱ्यामुळे कळला.

मग एक नाव सोडून बघितलं. मुदत संपली म्हणून डोमेन लगेच मरत नाही. आधी कंपनी काही दिवस नेहमीच्या दरात थांबते, मग महिनाभर जबर दंड भरून परत मिळतं, मग पाच दिवस निव्वळ अंत्यदर्शन. तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. माणसाचं तेराव्या दिवशी आटपतं, याला दोन-अडीच महिने लागतात. रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना म्हणून ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी नको’ असं हवेत बोलत ताटकळलेले नातेवाईक मी पाहिलेत. इथे कावळा टपूनच बसला होता. नाव सुटलं रे सुटलं की उचलणारे प्रोग्रॅमच असतात. आठवड्याभरात तिथे ऑनलाइन रमी सुरू झाली. बागाईतदार मित्राने मात्र त्याच नावाची पाचशे कार्डं छापून ठेवली होती, आणि लग्नाकार्यात अजून वाटत होता. त्याच्या व्याह्यांनी ते उघडून बघितलं. पुढचं लिहीत नाही.

राहिलं कुंभमेळ्याचं. २०१५ च्या सिंहस्थाआधी घेतलेलं. शाही स्नानं उरकली तरी साइट काही झाली नाही. आता २०२७ येतोय. पंचाईत अशी की कुंभ बारा वर्षांनी येतो आणि डोमेनचे पैसे एका वेळी फार तर दहा वर्षांचे भरता येतात. नियम करणाऱ्यांनी निदान गुरूची चाल बघायची होती.

“हे सोडू नका,” अण्णा एकदम सावरून बसले. “रिंगरोड कुठून निघेल सांगता येत नाही. बोर्ड लावलाय का?”

“कसला बोर्ड?”

“मोकळी जागा दिसली की लोक गुरं बांधतात हो.”

मग त्यांनी सांगितलं तसं एक पान केलं. निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘ही जागा खाजगी मालकीची असून विकणे नाही. अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.’ खाली मोबाइल नंबर अण्णांचा. मला येतात तेवढे फोन पुरे आहेत.

परवाच्या रविवारी त्यांच्याबरोबर आडगावला गेलो होतो. अण्णा तिसऱ्या दगडापाशी असताना फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

“काका, ती कुंभमेळ्याची जागा तुमचीच ना? किती गुंठे आहे?”

अण्णांनी एकदा माझ्याकडे, एकदा दगडाकडे बघितलं. “गुंठ्यात नाही मोजत तिला. पण नाक्यावर आहे.”

“आणि रेट?”

“बोर्ड वाचला नाही का तुम्ही?” अण्णा कडाडले. फोन मात्र ठेवला नाही. जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही किती म्हणता?”