शेवटची नन आणि आमची मामी

आम्हा बडोदेकरांना कॉन्व्हेंट म्हटलं की आधी फी आठवते, मग युनिफॉर्म. त्यामुळे जुन्या गोव्यात गेल्यावर मी 'सांता मोनिका कॉन्व्हेंट बघायचंय' म्हटलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "सुट्टीतसुद्धा शाळा?" शाळा नाही हो, नन्सचा मठ! १६०६ साली सुरू झालेला. १६२७ ला बांधून पुरा झाला, १६३६ मध्ये आगीत सापडला आणि लगेच पुन्हा उभा राहिला. बाहेरून टेकूच्या अशा जाडजूड भिंती की किल्लाच वाटावा.

तिथे आता ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे. १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनारीत (पाद्री घडवण्याच्या शाळेत) सुरू झालं, २००२ मध्ये इथे आलं. हस्तिदंती मूर्ती, चांदीची उपकरणं, जरीकाम. घडवणारे हात बरेचसे इथलेच, त्यामुळे एखाद्या बाळ येशूचे गाल बघताना आपल्या देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण आठवतोच. चांदीचा पेलिकन पक्षीही आहे. तो स्वतःची छाती टोचून पिल्लांना रक्त पाजतो, अशी जुनी समजूत. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभी होते.

पण खरी गोष्ट वास्तूचीच. त्याच टेकडीवर समोर ऑगस्टिनियन साधूंचा प्रचंड मठ होता. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले पुरुषांचे मठ बंद केले, साधू गेले आणि १८४२ मध्ये तिथल्या चर्चचं छत कोसळलं. अवघी सात वर्षं! आज तिथे मोडका बुरूज आणि पडक्या भिंती तेवढ्या आहेत. नन्सना मात्र लगेच हाकललं नाही. नवीन मुली घ्यायच्या नाहीत, आहेत त्यांनी राहावं. मग एकेक कमी होत गेली. शेवटची वारली १८८५ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं ते घर नुसतं रिकामं होत होतं, पण उभं होतं. कोणीतरी दिवा लावत होतं, पागोळ्यांखाली बादली ठेवत होतं (हे माझं आपलं, पुस्तकात नाही).

आमच्या मामींनी हेच केलं. दांडिया बाजारातल्या वाड्यात एके काळी सतरा पानं उठायची. मुलं पुण्याला, एक टोरांटोला. शेवटी मामी एकट्या. शेजारचे मोटाभाई दर दिवाळीला सांगायचे, "जूनुं थई गयुं, वेची नाखो." (जुनं झालं, विकून टाका.) मामी फराळाचं ताट पुढे करायच्या आणि विषय बदलायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. पहिल्याच पावसात माजघराची भिंत फुगली.

आता मामेभाऊ म्हणतात विका, नाहीतर म्युझियम करा. म्युझियम म्हणजे काय, तर पितळी डबे काचेत आणि पाट भिंतीला टांगलेले! रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे म्हणून त्या भिंतीवरची चित्रं तरी राहिली, हे मला मान्य आहे. एके काळच्या दिवाणांचा वाडा तो. पण तिथे गेले की मी कृष्णलीला बघते आणि मनात येतं, इथे रात्री भांडणं कुठे व्हायची? मुलांना कुठे निजवायचे?

सांता मोनिकात मला आवडलं ते हे, की १९६४ पासून तिथे नन्सची शिक्षणसंस्थाही आहे. म्युझियम एका भागात, बाकी घर नांदतं. पुन्हा बायकाच! नुसती वस्तू जपायला पगारी पहारेकरी पुरतो. घराला मात्र पायात चपला अडकवून 'आलेच हं' म्हणणारं माणूस लागतं.

म्हणून मी भावांना सांगितलंय, पुढची खोली राहू द्या. तिथे संध्याकाळी हार्मोनियमचा क्लास भरतो, मामींनीच पोरांना जागा दिली होती. रविवारी बिल्डर माप घ्यायला येणार आहे. येऊ दे. मी त्याला पाचची वेळ दिलीय, क्लासचीच.