हळद्या बघायचाय? पिकलेला उंबर शोधा

थंडी सुरू झाली की नाशिकच्या पक्षीवेड्यांच्या गाड्या नांदूरमध्यमेश्वरकडे वळतात. जावंच. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेल्याचं २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं पाणथळ. पण रोहित (फ्लेमिंगो) आणि बदकांच्या नादात गावातल्या झाडांकडे कुणी मान वर करून बघत नाही, ही माझी जुनी तक्रार.

या झाडांवरच्या हळद्या पक्ष्याच्या मागे पळू नका, पिकल्या उंबराखाली बसा. गंगापूर रोडला, सोमेश्वरकडे नदीकाठी, मखमलाबादला मळ्यांच्या बांधावर बघा. नर पिवळाजर्द, पंख काळे, डोळ्यातून मागे ओढलेली काजळरेघ, गुलाबी चोच. मादी हिरवट, पोटावर बारीक रेघा. एवढा भडक रंग, पण पानांत शिरला की उन्हाच्या कवडशांत गडप! म्हणून आधी शीळ ऐकायची, मग दुर्बीण लावायची.

मागे एकाला निवांत खाताना पाहिलं. घडातलं कच्चं फळ टोचून सोडून दिलं, शेजारचं लाल, मऊ उंबर फोडलं, आतला गर ओढून खाल्ला, चोच दोन्ही बाजूंनी फांदीला पुसली आणि पुढच्या घडाकडे वळला. उंबर फोडून केंबरं काढू नयेत, हे आपल्यासाठी. त्याला केंबरांचं कसलं वावडं, अळ्या-किडेही तो आवडीनं खातो. आणि ही केंबरं म्हणजे उंबराचं परागीभवन करणाऱ्या इवल्याशा माश्या. त्या नसतील तर उंबरात बीच धरणार नाही. ते बी हळद्या, बुलबुल, तांबट विष्ठेतून लांब नेऊन टाकतात.

मोबाईलवर शीळ वाजवून त्याला बोलावणाऱ्या फोटोवाल्यांचा मला मनापासून राग येतो. विणीच्या दिवसांत बिचारा घरटं सोडून नसलेला प्रतिस्पर्धी शोधत फिरतो.

पण खरं नुकसान सोसायट्यांमध्ये होतं. फळं गाडीवर पडतात, चिकट होतं, चिलटं येतात. दत्ताचं झाड म्हणून तोडायला हात धजत नाही, मग ‘छाटणी’ करायची, म्हणजे नुसता बुंधा ठेवायचा! आणि तीच मंडळी पाच जूनला, पर्यावरणदिनी, गुलमोहर लावून फोटो टाकतात. गुलमोहराच्या शेंगा हळद्यानं खायच्या का?

छाटायचंच असेल तर फळं संपेपर्यंत तरी थांबा. तोवर गाडीला कव्हर घालता येतं.