कार्ट्रिज जोडा, मग मोजा: ५५३४वरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिखटही आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. इतर वाचकांसाठी तुमच्या म्हणण्याचा गोषवारा असा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा, हलत्या चुंबकाने सिग्नल तयार करणारा भाग) फोनो प्रीअँपसाठी (तो बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) मी एनई५५३४ए ही ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, सुचवली. ही सत्तरच्या दशकातली चिप, तिचा व्होल्टेज नॉइज (चिपची स्वतःची खरखर) ३.५ नॅनोव्होल्ट. एलटी१०२८ या दुसऱ्या चिपचा फक्त ०.८५. चौपट शांत चिप मिळत असताना जुनाट माल वाचकांच्या गळ्यात मारणं ही ‘कंजूषपणाची वकिली’ आहे, असं तुम्ही म्हणता. शिवाय दोन्ही चिपा एकाच बोर्डवर आलटूनपालटून बसवून, इनपुटला शॉर्टिंग प्लग लावून (म्हणजे इनपुट थेट ग्राउंडला जोडून) तुम्ही मोजल्यात आणि १०२८ जिंकली. शेवटचा टोला असा, की रेकॉर्डचीच खरखर इतकी असते की हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

तुमच्या मोजणीवर माझा पूर्ण विश्वास आहे. ती तशीच यायला हवी होती. फक्त इनपुट शॉर्ट करून फोनो स्टेज मोजणं म्हणजे गाडीचं ॲव्हरेज घाटाच्या उतारावर काढण्यासारखं आहे.

कुठल्याही ऑप-अँपला नॉइज दोन प्रकारचा असतो. एक व्होल्टेज नॉइज, जो डेटाशीटच्या पहिल्याच पानावर ठळक छापतात. दुसरा करंट नॉइज, जो आत कुठल्यातरी तक्त्यात दडलेला असतो. हा करंट इनपुटला जे काही जोडलंय त्यातून वाहतो आणि तिथे स्वतःचा व्होल्टेज तयार करतो. इनपुट शॉर्ट केलं की त्याला वाहायला रोधच उरत नाही. म्हणजे तुमच्या प्लगने १०२८चा नेमका दोष झाकला आणि गुण तेवढा दाखवला. एक किलोहर्ट्झला तिचा करंट नॉइज साधारण १ पिकोॲम्पिअर आहे, ५५३४एचा ०.४. (हे सगळे आकडे ‘प्रति रूट हर्ट्झ’ आहेत, दर वेळी लिहीत नाही.)

आता खरं कार्ट्रिज घेऊ. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई बऱ्याच जणांकडे असतं. त्याच्या कॉइलचा डीसी रोध ४८५ ओहम आणि इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. नुसता रोध पाहिला तर वाटतं, अर्ध्या किलोओहमचा सोर्स आहे, लावा सगळ्यात शांत चिप. पण इंडक्टन्समुळे एक किलोहर्ट्झला ही कॉइल साडेतीन किलोओहमच्या आसपास असते आणि दहा किलोहर्ट्झला जवळजवळ ३५ किलोओहम! समोर प्रीअँपच्या इनपुटला ४७ किलोओहमचा लोड रेझिस्टर असल्यामुळे दहा किलोहर्ट्झला इनपुटला दिसणारा एकूण इम्पिडन्स (फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा रोध) २८ किलोओहमच्या घरात जातो. त्यातून १०२८चा १ पिकोॲम्पिअर वाहिला की झाले २८ नॅनोव्होल्ट. कुठे ०.८५ आणि कुठे २८! ५५३४एचे त्याच जागी ११ होतात.

एक किलोहर्ट्झला मात्र दोघी जवळजवळ बरोबरीत येतात. कॉइलचा रोध आणि लोड रेझिस्टर यांचा नॉइज धरून (रोधालाही स्वतःचा नॉइज असतो) दोघींची बेरीज पाच नॅनोव्होल्टच्या आसपास. (नॉइज सरळ मिळवत नाहीत, वर्गांची बेरीज करून तिचं वर्गमूळ काढतात.) फरक पडतो तो वर, आणि हिस (सलग सूं आवाज) कानाला टोचतो तोही वरच. दहा किलोहर्ट्झला सगळं मिळून १०२८चे साडेबत्तीस होतात, ५५३४एचे वीस, म्हणजे चार डेसिबलचा फरक, आणि तो जुनाट मालाच्या बाजूने. आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड कापताना चढवलेले वरचे स्वर वाजवताना पुन्हा खाली आणणारी ठरलेली दुरुस्ती) दहा किलोहर्ट्झला पावणेचौदा डेसिबलने खाली दाबतं हे खरं, पण ते दोघींना सारखंच दाबतं. या हिशेबात मी केबलची कपॅसिटी धरलेली नाही. दोनशे पिकोफॅरड धरली तर कॉइल आणि ती मिळून पंधरा किलोहर्ट्झच्या आसपास रेझोनन्स येतो, त्याच्या अलीकडे इम्पिडन्स आणखी चढतो आणि १०२८ आणखी मागे पडते.

बरं, तुमच्या शॉर्ट मोजणीतही ‘चौपट’ दिसलं नसणार. फीडबॅकचा खालचा रेझिस्टर २२० ओहमचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्याचा स्वतःचा नॉइज १.९ नॅनोव्होल्ट. तो मिळवला की १०२८चे दोनच्या वर जातात आणि ५५३४चे चार होतात. जेमतेम दुप्पट. ग्राफ पुन्हा काढून बघा, सहा डेसिबलच्या आतच फरक असेल.

वरच्या बेरजांमधला सगळ्यात मोठा गुन्हेगार तुमच्या प्रतिक्रियेत आलाच नाही. तो म्हणजे ४७ किलोओहमचा रेझिस्टर. दहा किलोहर्ट्झला एकटा तो साडेसोळा नॅनोव्होल्ट ओततो, ५५३४पेक्षा जास्त. चिप बदलून तो हलत नाही. आणि काढूनही टाकता येत नाही, कारण कार्ट्रिजचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स त्याच्यावर बेतलेला असतो. यावर एक सुंदर युक्ती आहे. ४७ किलोओहमच्या जागी एक मेगओहम लावायचा आणि त्याचं खालचं टोक ग्राउंडला न देता सिग्नलच्या उलट फेजमध्ये, साधारण वीसपट गेनने हलवायचं. कार्ट्रिजला तो ४७ किलोओहमच वाटतो, पण नॉइज करंट मात्र एक मेगओहमचा, म्हणजे ०.६ऐवजी ०.१३ पिकोॲम्पिअर. साडेसोळाचे साडेतीन होतात! माझ्या मते पैसे आणि डोकं खर्च करायची जागा ही आहे. हे केल्यावर ५५३४चा करंट नॉइज उघडा पडतो आणि मग ओपीए१६४२सारखी फेट (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटची चिप विचारात घ्यावी. तिचा व्होल्टेज नॉइज ५.१ आहे, करंट नॉइज नसल्यात जमा.

जाता जाता आणखी एक. १०२८ युनिटी गेनला (एकपट वाढीला) स्थिर नाही. एका स्टेजमध्ये फीडबॅकनेच आरआयएए केलं तर वरच्या फ्रिक्वेन्सीला गेन एककडे घसरतो आणि चिप ऑसिलेट होऊ शकते. ५५३४लाही तीच खोड आहे, पण तिला बाहेरून २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावायची सोय आहे. स्कोपवर एकदा तपासून घ्या.

तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू पडतं ते मूव्हिंग कॉइलला (ज्या कार्ट्रिजमध्ये चुंबकाऐवजी कॉइल हलते). डेनॉनचं डीएल-१०३ घ्या. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकात बनवलेलं हे कार्ट्रिज आजही मिळतं. रोध ४० ओहम, आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. चाळीस ओहमचा स्वतःचा नॉइज ०.८ नॅनोव्होल्ट, तिथे ५५३४चे साडेतीन म्हणजे सिग्नल बुडवणं. १०२८चा करंट नॉइज चाळीस ओहममध्ये काहीच करू शकत नाही, ०.०४ नॅनोव्होल्ट. तिथे तुमची चिप राणी आहे. फक्त तो २२० ओहमचा रेझिस्टर काढून दहाच्या आसपासचा लावा, नाहीतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकास दहाचा ट्रान्सफॉर्मर लावलात तर मात्र सोर्स शंभरपट, म्हणजे ४ किलोओहम दिसतो. मग दोन्ही चिपा सारख्याच, कारण सोर्सचा स्वतःचा ८ नॅनोव्होल्ट दोघींना झाकून टाकतो.

रेकॉर्डच्या खरखरीबद्दल. घासलेल्या रेकॉर्डवर यातलं काही ऐकू येणार नाही, मान्य. पण मग तुमची ०.८५ तरी कशाला हवी? दोन्ही दगडांवर पाय नको. माझा अनुभव असा की टिकटिक आणि कटकट कान बाजूला काढतो, सलग हिसला मात्र तो चिकटून बसतो. चांगल्या अवस्थेतल्या एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपीवर सुरुवातीला नुसते तानपुरे वाजत असतात, तिथे ऐका. किंवा सुई रेकॉर्डवर टेकवण्याआधी, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून.

पुन्हा मोजणार असाल तर एवढं करा. शॉर्टिंग प्लग काढा, कार्ट्रिज जोडा, मोटर बंद ठेवा, स्टायलसचं झाकण घालून ठेवा. कार्ट्रिज ५० हर्ट्झचा हम ओढणारच, म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब, ग्राउंडला जोडलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्यात ठेवा. एकूण आरएमएस आकडा बघू नका, त्यात हमच दिसेल. दोन ते पंधरा किलोहर्ट्झचा स्पेक्ट्रम दोन्ही चिपांसाठी एकावर एक टाका. आणि १०२८ खात्रीच्या वितरकाकडून घेतलीय ना? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून मी ‘१०२८’ म्हणून आणलेल्या चिपांचा नॉइज मोजला तर शॉर्ट इनपुटलाही ५५३४पेक्षा जास्त निघाला. वरचं नाव नव्याने छापलेलं होतं. तुमच्या त्या मोजणीत १०२८ जिंकली, म्हणजे तुमची अस्सल दिसतेय. ती डीएल-१०३साठी राखून ठेवा.