खुलासा : जहाजाची दोरी विहिरीच्या यारीला?

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतंय : जहाजांवर वायररोपऐवजी (पोलादी तारांच्या दोराऐवजी) वापरतात ती प्लास्टिकची दोरी पोलादापेक्षा 15 पट मजबूत, यारीला (विहिरीतून दगड-माती वर काढणाऱ्या क्रेनला) लावा, तुटायचीच नाही!

अर्धंच खरं. 15 पट ही तुलना सारख्या वजनाची आहे. सारख्या जाडीला ताकद साधारण वायररोपइतकीच. डच कंपनी डीएसएममध्ये विकसित झालेला हा दोरीतला पॉलिथिलीन प्लास्टिकचा धागा पाण्यावर तरंगतो, गंजत नाही, म्हणून समुद्रात त्याचं कौतुक. पण तो 150 अंशांच्या आसपास वितळतो. घासून तापलेला ड्रम, वायरने खाचा पाडलेली जुनी पुली, काळ्या दगडाची धार, सगळे त्याचे वैरी. सतत ताणाखाली तो हळूहळू लांबतोही, उष्णतेत जास्तच. आणि आपला मे महिना ठाऊक आहेच. यारीखाली माणसं असतात हो! ड्रम-पुली तशीच ठेवून नुसती दोरी बदलू नका.