बिटकॉइनची सुरुवातीची भांडणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तिच्यातला राग खरा आहे, त्यामुळे दोन ओळींत बोळवण करावीशी वाटत नाही. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. बिटकॉइन या बँकेशिवाय चालणाऱ्या डिजिटल पैशाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांवरच्या माझ्या लेखात मी तेव्हाच्या वादांना नको तेवढं महत्त्व दिलं, असं तुम्ही म्हणता. तुमच्या मते मायनिंग (संगणक चालवून नवी नाणी मिळवणं) म्हणजे वीज जाळून काहीच न बनवणं, बाजार म्हणजे पहिल्या दिवसापासून सट्टा, आणि या पैशानं कुणी कधी टपरीवरचा चहासुद्धा घेतलेला नाही. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला हे २०१० मध्येच दिसत होतं. आता ते वाद उगाळून मी पुण्यात मायनिंगच्या नावाखाली लोकांना लुटणाऱ्यांचंच काम सोपं करतो आहे, म्हणून लेख काढून टाकावा.

माझं खरं भांडण या शेवटच्या मुद्द्याशी आहे. पण तो समजायला आधी वीज समजावी लागते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२०१० मध्ये दिसत होतं म्हणता, पण ते त्याही आधी दिसलं होतं आणि आतल्याच लोकांना दिसलं होतं. सातोशी नाकामोतो या नावानं बिटकॉइनची कल्पना मांडणारा ९ पानांचा मसुदा ३१ ऑक्टोबर २००८ ला प्रसिद्ध झाला. त्यावर आलेल्या पहिल्याच उत्तराचा आशय असा होता: अशा व्यवस्थेची फार गरज आहे, पण ती लागेल तेवढी मोठी होऊ शकेल असं दिसत नाही. हॅल फिनी हा नामवंत प्रोग्रॅमर. १२ जानेवारी २००९ ला सातोशीनं पाठवलेली १० नाणी त्यालाच मिळाली, आणि तोच बिटकॉइनचा पहिला व्यवहार. त्याच महिन्याच्या २७ तारखेला फिनीनं जाहीरपणे लिहिलं की बिटकॉइन सर्वदूर पसरलं तर होणारं कार्बन उत्सर्जन कमी कसं करता येईल, याचा मी विचार करतो आहे. तेव्हा नेटवर्कवर मोजकी माणसं होती, नाण्याला कवडीची किंमत नव्हती आणि घरातल्या साध्या संगणकावर मायनिंग चालत होतं. त्या अवस्थेत हा प्रश्न ज्याला पडला, त्या माणसाच्या विचाराला मी महत्त्व देणारच.

आता वीज कशासाठी लागते ते पाहू. एकच नाणं दोघांना देण्याची लबाडी रोखायला कुणीतरी हिशेबाची वही सांभाळावी लागते. बँक नको असेल तर वहीत पुढचं पान कुणी लिहायचं हे मतानं ठरवावं लागतं. मत इंटरनेटच्या पत्त्यागणिक द्यायचं ठरवलं, तर एकच माणूस हजारो पत्ते उभे करील. म्हणून मत संगणकाच्या कामाला जोडलं गेलं: विशिष्ट अटीत बसणारा हॅश (पानावरच्या मजकुरातून गणितानं निघणारा आकडा) सापडेपर्यंत आकडे बदलून बघत राहायचं, ज्याला सापडला त्यानं पान लिहायचं आणि बक्षीस घ्यायचं. खोटं पान घुसवायचं तर बाकी सगळ्यांच्या एकत्रित कामापेक्षा जास्त काम करावं लागतं. वीज खर्ची पडते ती या अडसरासाठी. त्यामुळे ‘काहीच न बनवणं’ हे तुमचं वर्णन मला मान्य नाही. हा अडसर त्या खर्चाच्या लायकीचा आहे का, हा मात्र रास्त प्रश्न आहे, आणि तो पुढे घेतोच.

पण एक गोष्ट फार थोड्या लोकांना नीट कळलेली आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाची चावी तीच आहे. सुरुवातीला दर ब्लॉकमागे, म्हणजे वहीच्या दर पानामागे, ५० नाणी मिळत आणि साधारण दर १० मिनिटांनी एक ब्लॉक निघे. म्हणजे दिवसाला १४४ ब्लॉक, सुमारे ७,२०० नाणी. जगात मायनिंग करणारी यंत्रं दहा असोत की दहा लाख, निघणार ७,२००च. कारण दर २,०१६ ब्लॉकनंतर डिफिकल्टी आपोआप बदलते: यंत्रं वाढली की कोडं अवघड होतं, कमी झाली की सोपं. यंत्र दुप्पट वेगवान केलं म्हणून एकूण नाणी वाढत नाहीत, फक्त तुमचा वाटा दुसऱ्याच्या ताटातून तुमच्याकडे येतो.

यावरून विजेचा हिशेब थेट मांडता येतो. मे २०१० मध्ये १०,००० नाण्यांची किंमत ४१ डॉलरच्या आसपास होती. त्या भावानं दिवसाच्या सगळ्या नाण्यांचे होतात साधारण ३० डॉलर. जून २०११ मध्ये भाव काही काळ ३० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा तेवढ्याच नाण्यांचे झाले २ लाख १६ हजार डॉलर. मिळकत तेवढी असेल तर माणसं वीज आणि यंत्रं यांवर जवळपास तेवढा खर्च करायला तयार होतात. विजेचा खप नाण्याच्या भावावरून ठरतो. यंत्र कितीही काटकसरी बनवलं तरी त्याच पैशात तशी आणखी यंत्रं लावली जातात.

हाच आक्षेप ऑगस्ट २०१० मध्ये एकानं सातोशीपुढे ठेवला होता. नाणी पाडण्याची ही रीत उष्मागतिकीच्या दृष्टीनंच विपरीत आहे, असं त्याचं म्हणणं. सातोशीनं त्याला सोन्याचा दाखला दिला: सोनं काढण्याचा खर्चही सोन्याच्या भावाजवळ जाऊन पोचतो, तो खर्च वायाच जातो, तरी विनिमयाचं साधन म्हणून सोन्याचा उपयोग त्याहून कितीतरी मोठा आहे, बिटकॉइनचंही तसंच होईल, ते नसणं हाच तोटा ठरेल.

हे उत्तर मला अजूनही महत्त्वाचं वाटतं, कारण विजेचं समर्थन नेमकं कशावर टेकलंय ते त्यात उघड आहे. ते टेकलंय विनिमयावर, म्हणजे लोक या नाण्यांनी देणंघेणं करतील यावर. वीज आणि चहाची टपरी हे तुमचे दोन मुद्दे तुम्ही वेगवेगळे मांडलेत. ते एकत्र ठेवले असते तर तुमचा आक्षेप फार जड झाला असता: रोजचा वापर आला नाही, तर सातोशीच्याच तर्कानं विजेचं समर्थन खचतं. इथे मी तुमच्या बऱ्याच जवळ आहे.

मग रोजचा वापर का आला नाही? २२ मे २०१० चा पिझ्झा तुम्ही ‘मूर्खपणाचा नमुना’ म्हणून लिहिलात. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या लास्लो हॅन्येक्झनं १०,००० नाण्यांना दोन पिझ्झे घेतले. मला त्या माणसात मूर्खपणा दिसत नाही. सुरुवातीच्या काळात ग्राफिक्स कार्डावर मायनिंग करून दाखवणारा तोच होता. त्याच्याकडे नाणी ढिगानं होती आणि त्या नाण्यांनी जेवण मिळतं का, हे त्याला बघायचं होतं. माझं लक्ष दुसऱ्याच तपशिलावर जातं. पिझ्झाच्या दुकानानं एकही नाणं घेतलं नाही. मध्ये एक कॅलिफोर्नियातला तरुण होता. त्यानं स्वतःच्या पैशांनी ऑर्डर दिली आणि नाणी आपल्याकडे घेतली. म्हणजे पहिल्याच खरेदीत मध्यस्थ हजर होता.

लगेच जुलै २०१० मध्ये खाऊ विकणाऱ्या यंत्रावरून वाद झाला. वेफरचं पाकीट घ्यायला माणूस १० मिनिटं कशाला थांबेल? सातोशीचं उत्तर असं की एखादी कंपनी काही सेकंद नेटवर्कवर नजर ठेवील, तेच नाणं दुसरीकडे दिलेलं दिसलं नाही तर व्यवहार पक्का धरील. तांत्रिकदृष्ट्या उत्तर ठीक होतं, पण त्यात एक कंपनी आली. २०११ मध्ये बिटपे निघाली; दुकानदाराला डॉलर हवे असतील तर डॉलर देणारी. जानेवारी २०१४ पासून ओव्हरस्टॉक हे मोठं अमेरिकन ऑनलाइन दुकान बिटकॉइन घेऊ लागलं, त्याच वर्षी डेल आणि मायक्रोसॉफ्टही. दारावर बिटकॉइनची पाटी लागली, तरी माल डॉलरमध्येच मोजला जात होता.

त्यात जागा अपुरी. ब्लॉकचा आकार तेव्हा १ मेगाबाइटवर बांधलेला, म्हणजे फार तर सेकंदाला सातेक व्यवहार. गर्दी झाली की शुल्काची बोली लागते. व्हिडिओ गेम विकणाऱ्या स्टीमनं एप्रिल २०१६ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये थांबवलं. तोवर एका व्यवहाराचं शुल्क २० डॉलरच्या घरात गेलं होतं. भारतात तर २०१६ मध्ये यूपीआय आलं. टपरीवाल्याला ग्राहकाचा फोन दिसतो, पैसे आल्याचा आवाज येतो, कुणाचं शुल्क कापलं जात नाही. इथे चहासाठी बिटकॉइनची गरजच उरली नाही, आणि ज्या गोष्टीची गरज नाही ती रुजत नाही.

पण ‘कुणालाच कधीच उपयोग झाला नाही’ हे तुमचं विधान मी सोडून देणार नाही. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅलनं विकिलीक्सकडे, म्हणजे सरकारी गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या संस्थेकडे, जाणारे पैसे अडवले. कोर्टाचा निकाल नव्हता, गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, तरी देणगीचे मोठे रस्ते बंद. त्यांनी आता बिटकॉइन घ्यावं असं काहींनी सुचवलं, तेव्हा खुद्द सातोशीनं विरोध केला, कारण प्रकल्प अजून कोवळा होता आणि एवढं लक्ष त्याला झेपलं नसतं. जून २०११ मध्ये विकिलीक्सनं ते घ्यायला सुरुवात केलीच. त्याच काळात सिल्क रोड या छुप्या ऑनलाइन बाजारात अमली पदार्थही याच नाण्यांनी विकले जात होते, हेही तितकंच खरं. कुणी अडवू शकत नाही असा पैसा दोघांनाही उपयोगी पडतो. या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याजवळ नाही, पण तो खोटा प्रश्न नव्हता.

बाजाराबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे आपलं बहुतेक पटतं. ऑक्टोबर २००९ मध्ये पहिला जाहीर दर निघाला तो विजेच्या खर्चावरून: डॉलरला १,३०९.०३ नाणी. दोन वर्षांत भाव विजेपासून सुटला आणि माणसांच्या आशेवर चालू लागला. माझा खरा राग नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजवर आहे. मध्यस्थ नको म्हणून जन्मलेली नाणी लोकांनी टोकियोच्या माउंट गॉक्स या एक्स्चेंज कंपनीकडे ठेवायला दिली. जून २०११ मध्ये तिथे घुसखोरी झाली, काही मिनिटांत भाव सेंटांवर आला, तरी लोक तिथेच राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा साडेआठ लाख नाणी गहाळ असल्याचं सांगितलं. तोवर निघालेल्या सगळ्या नाण्यांच्या सुमारे ७ टक्के. पुढे त्यातली २ लाख सापडली. दिवाळखोरीच्या दोन महिने आधी, २४ डिसेंबर २०१३ ला, आपल्या रिझर्व्ह बँकेनं याच धोक्यांबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं.

आता पुणे. गेनबिटकॉइनचं प्रकरण तुम्हालाही ठाऊक आहे. तुमची नाणी आमच्याकडे द्या, आम्ही मायनिंग करून दरमहा १० टक्के, असे १८ महिने परत देऊ, असं लोकांना सांगितलं गेलं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधार म्हणून आरोप असलेल्या माणसाला अटक केली. योजनेच्या पुढच्या टप्प्यात बिटकॉइनऐवजी त्यांच्याच एका नव्या टोकनमध्ये, म्हणजे त्यांनीच काढलेल्या डिजिटल नाण्यात, लोकांना परतावा दिला गेला होता.

वर मांडलेला ७,२०० चा हिशेब या योजनेला लावून बघा. १८ महिने १० टक्के म्हणजे एका नाण्याची १.८ नाणी. परतावा नाण्यांतच आहे, म्हणून ‘भाव वाढला की सगळं भागेल’ ही सबब चालत नाही. सुरुवातीचं ५० नाण्यांचं बक्षीस तोवर एकदा निम्मं झालं होतं, २०१५ मध्ये ब्लॉकमागे २५ नाणी मिळत, म्हणजे जगभरात दिवसाला सुमारे ३,६००. ९ जुलै २०१६ ला बक्षीस पुन्हा निम्मं होऊन दिवसाला १,८०० नाण्यांवर आलं, आणि ते होणार हे पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं होतं. त्यात नवी यंत्रं येत राहिली की डिफिकल्टी वाढते आणि आपल्या यंत्राचा वाटा महिन्यागणिक आटतो. मग दर महिन्याला ठरलेले १० टक्के येणार कुठून? मायनिंगमध्ये ठरलेला मासिक परतावा असूच शकत नाही. नव्या माणसाची नाणी जुन्याला देऊनच तो दाखवता येतो.

हे ओळखायला संगणकशास्त्र लागत नव्हतं. २०१० मध्ये माणसं ज्यावरून भांडत होती, तेवढं जरी मराठीत कुणी नीट सांगितलेलं असतं, तरी पैसे देण्याआधी काही जणांनी हा प्रश्न विचारला असता. ‘सगळाच सट्टा आहे, लांब राहा’ एवढंच सांगून भागलं नाही, कारण शेजारच्याला पहिले चार महिने खरोखर परतावा मिळालेला लोकांना दिसत होता. डोळ्यांसमोर आलेले पैसे आणि लांबून आलेला इशारा यांत माणूस पैशांवर विश्वास ठेवतो. हिशेब हातात असता तर त्यानं निदान तो त्या एजंटापुढे ठेवला असता. म्हणून फसवणाऱ्यांचं काम मी सोपं करतो, हे मला अजिबात मान्य नाही. मायनिंग म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसणं, यावरच त्यांचा धंदा चालला.

तेव्हा लेख काढणार नाही. दिवसाला निघणाऱ्या नाण्यांचा हिशेब आणि गेनबिटकॉइनचा हा परिच्छेद मूळ लेखाच्या शेवटी आजच जोडतो आहे. तुमच्या ओळखीत कुणापुढे अशी योजना आली असेल तर एवढाच भाग कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवा, माझं नाव लावायची गरज नाही. आणि विजेचा मुद्दा विनिमयाला जोडून पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, त्यावर मला तुमच्याशी आणखी बोलायचं आहे.