त्या १९५ जणांचे काय झाले?

विजय दिवस असल्यामुळे आमच्या पारावर बापूसाहेबांचे १९७१ च्या बांगलादेश युद्धातील पाकिस्तानी सैन्याच्या ढाक्यातील शरणागतीचे वर्णन रंगले होते, आणि जनरल नियाझींच्या सहीपाशी ते थांबताच मालतीताईंनी विचारले, "त्या ९३ हजार कैद्यांपैकी बलात्काराबद्दल किती जणांना शिक्षा झाली, ते सांगाल का?"

"युद्ध म्हटले की असे प्रकार व्हायचेच," बापूसाहेब म्हणाले. महाभारतापासून कारगिलपर्यंत कोणताही विषय निघाला, तरी त्यांचे उत्तर हेच असते.

"व्हायचेच म्हणू नका. बायकांना महिनोन्‌महिने छावणीत कोंडून ठेवायला खोल्या लागतात, पहारे लागतात आणि हे चालू देणारे अधिकारी लागतात."

अत्याचार झालेल्या बंगाली बायकांचा दोन लाखांचा सरकारी आकडा फुगवलेला असल्याची शंका सतीशने काढली. आकड्यावर अभ्यासकांत वाद आहे हे ताईंनी मान्य केले, पण "वीस हजार ठरल्या तर तुझे उत्तर बदलणार आहे का?" यावर सतीश गप्प झाला.

वकिली करणाऱ्या सुहासने मग सांगितले की बांगलादेशाने १९७३ साली केलेल्या कायद्यात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत बलात्काराचा स्पष्ट उल्लेख होता आणि १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवर खटले चालवण्याचे ठरलेही होते. परंतु हजारो बंगाली पाकिस्तानात अडकलेले, चीनने बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश नकाराधिकाराने अडवलेला, अशा कोंडीत एप्रिल १९७४ च्या दिल्ली करारानुसार खटले सोडून देण्यात आले आणि ते सारे मायदेशी परतले. २०१० पासून ढाक्यात न्यायाधिकरण बसले, ते पाकिस्तानी सैन्याच्या स्थानिक साथीदारांवर खटले चालवण्यासाठी.

"कोंडी मला कळते," ताई म्हणाल्या, "पण क्षमा करताना त्या बायकांना कोणी विचारले? करारावर तीन देशांच्या सह्या आहेत, त्यांत आपलीही आहे." मला हा प्रश्न अजिबात टाळता येण्याजोगा वाटत नाही, आपण विजय साजरा करतो, तर त्या कराराची जबाबदारीही आपल्याकडे येते.

बापूसाहेबांनी विषय बदलायला गणेशोत्सवाच्या जमाखर्चाचे काढले आणि तिथेच ते सापडले, कारण याच विषयावरचे ताईंचे व्याख्यान "सणासुदीला हे नको" म्हणून त्यांनीच रद्द करवले होते. सगळ्यांनी धारेवर धरल्यावर ते म्हणाले, "बरे, पुढच्या गणेशोत्सवात ठेवू. फक्त शीर्षक जरा सौम्य असू द्या."

"शीर्षक मी ठरवणार," ताई म्हणाल्या, "आणि अध्यक्षस्थानी तुम्ही बसणार."

बापूसाहेबांसकट सगळा पार हसला.